युरोपचा इतिहास: मुलांकडून संशोधन-निबंध लिहून घ्यायचा तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना तुम्ही युरोपचा इतिहास शिकवता. घोकंपट्टी नको म्हणून त्यांना संशोधन करून निबंध लिहायला सांगितलं, पण हाती आलं ते बहुतेक इंटरनेटवरून उतरवलेलं. त्यात रेनेसाँ (प्रबोधनकाळ) ते शीतयुद्ध हा अभ्यासक्रम अर्धवट राहिला आणि ३५ निबंध तपासताना जीव मेटाकुटीला आला. या वयाच्या मुलांना हे झेपतं का, की नाद सोडून द्यावा, असं तुम्ही विचारलं आहे.

झेपतं. मी माझ्या वर्गांत हे बरीच वर्षं करतो आहे आणि हुशार मुलांपुरतं ठेवलेलं नाही. पण तुम्ही दिलेले विषय वाचले आणि दुखणं कुठे आहे ते लक्षात आलं. ‘फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे’, ‘औद्योगिक क्रांतीचे परिणाम’, ‘पहिल्या महायुद्धास जबाबदार कोण?’ पहिल्या दोन विषयांची उत्तरं हजार ठिकाणी छापून तयार आहेत. तिसऱ्यावर इतिहासकार शंभर वर्षं भांडत आहेत. पहिल्या दोहोंत मुलाला शोधायला काही उरत नाही आणि तिसऱ्यात त्याच्या आवाक्यात काही येत नाही. तिन्ही वेळा उतरवणं हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. तेव्हा मुलांच्या आळसाचा विचार नंतर करू, आधी प्रश्नाचा करू.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. वर्षअखेरीची परीक्षा ठरावीक मुद्द्यांची असेल तर वर्षातून एकच असा निबंध पुरे. परीक्षेतच साधनांचं वाचन विचारत असतील तर याला जास्त वेळ देता येईल. मुलं इंग्रजी कितपत वाचतात यावरही बरंच ठरतं, कारण फ्रेंच-जर्मन कागदपत्रं आपल्यापर्यंत बहुधा इंग्रजी भाषांतरातूनच येतात. माझा नियम असा, की टिपणं मुलाने हव्या त्या भाषेत काढावीत, फक्त शेवटचा निबंध शाळेच्या माध्यमात लिहावा. आणि वर्ग साठाचा असेल तर खाली सांगतो त्यातलं निम्मंच करा.

आता प्रश्नाबद्दल. माझी कसोटी एकच आहे: मुलाचं उत्तर पुराव्यावर चुकीचं ठरू शकेल असा प्रश्न हवा. ‘औद्योगिक क्रांतीचे परिणाम’ यावर काहीही लिहिलं तरी ते चूक ठरत नाही, म्हणून त्यात शोधही नाही. महायुद्धाचा विषय घ्यायचाच असेल तर तो असा आवळा: २८ जून १९१४ ला साराजेवोमध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या युवराजाची हत्या झाली, आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाला निर्वाणीचा खलिता दिला २३ जुलैला. मधले २५ दिवस कशात गेले? या प्रश्नाला उत्तर आहे, ते पंधरा वर्षांच्या मुलाला सापडतं आणि ते सरळ एकपदरी नाही. जर्मनीने ५ जुलैलाच पाठिंब्याचा शब्द दिला होता. पण हंगेरीचे पंतप्रधान तिसा जुलैच्या मध्यापर्यंत युद्धाच्या विरोधात होते. बरेच सैनिक सुगीच्या रजेवर होते. शिवाय फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष प्वँकारे सेंट पीटर्सबर्गच्या दौऱ्यावर होते, आणि ते रशियातून निघेपर्यंत खलिता द्यायचा नाही असं व्हिएन्नातल्या ऑस्ट्रियन सरकारने ठरवलं होतं. यातलं कोणतं कारण जास्त वजनाचं, हे मुलाला ठरवावं लागतं आणि त्याच्या बाजूने लिहावं लागतं. ‘जबाबदार कोण’ हा मोठा प्रश्न त्याला या फटीतून आपोआप दिसतो, तोही पाठ न करता.

फ्रेंच राज्यक्रांतीसाठी मी कारणं विचारत नाही, तक्रारवह्या देतो. १७८९ च्या वसंतात एस्टेट्स जनरलच्या, म्हणजे राजाने बोलावलेल्या प्रतिनिधिसभेच्या, निवडणुकीच्या निमित्ताने फ्रान्सभर गावोगावी लोकांची गाऱ्हाणी लिहून घेतली गेली. इंग्रजी भाषांतरात त्यांतल्या काही सहज मिळतात. मिठावरचा कर, चर्चचा दशमांश, जमीनदाराच्या शिकारीच्या हक्कामुळे ससे आणि कबुतरं पीक खातात तरी त्यांना हात लावता येत नाही, असली अगदी रोजची गाऱ्हाणी. मी विचारतो, ‘हे लोक राजाच्या विरोधात आहेत का?’ वर्गातले बहुतेक जण वाचायच्या आधीच ‘हो’ म्हणतात. वाचल्यावर गडबडतात, कारण राजाबद्दल तिथे आदर आहे, भरवसा आहे. राग आहे तो करवसुली करणाऱ्यांवर आणि जमीनदारावर. मग कोणीतरी विचारतंच: असं असेल तर १७९३ च्या जानेवारीत राजाचं डोकं कसं उडवलं? हा प्रश्न मी दिलेला नसतो, म्हणून त्यावरचा निबंध मुलं जीव ओतून लिहितात. त्याच्याही पुढे जायची तयारी असलेल्यांना मी आणखी एक गोष्ट सांगतो. गावाच्या सभेत अध्यक्षस्थानी अनेकदा जमीनदाराचाच न्यायाधिकारी बसायचा, आणि नमुन्यादाखल लिहिलेल्या तक्रारवह्याही फिरत होत्या. मग एखाद्या वहीत जमीनदाराबद्दल अवाक्षर नसेल तर त्याचा अर्थ काय घ्यायचा?

पण मुलांना पहिल्याच दिवशी ‘जा, संशोधन करा’ म्हणून सोडू नका. सुरुवातीला साधनं मी देतो, तीही दोन-तीनच. पहिल्या तासाला मी प्रागची खिडकी घेतो. २३ मे १६१८ ला बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) प्रोटेस्टंट सरदारांनी कॅथलिक सम्राटाचे दोन कारभारी आणि त्यांचा चिटणीस अशा तिघांना किल्ल्याच्या खिडकीतून खाली फेकलं. उंची सुमारे ७० फूट सांगतात. तिघेही वाचले. कॅथलिक म्हणाले, मेरीमातेने झेललं. प्रोटेस्टंट कथनात ते उकिरड्यावर पडले म्हणून वाचले. दोन्ही कथनं फळ्यावर लिहायची आणि एकच विचारायचं: दोघांना मान्य असलेलं काय आहे? फेकलं, पडले, वाचले. एवढंच. बाकी सगळं सांगणाऱ्याचं. ‘साधनाची विश्वासार्हता’ असले जड शब्द न वापरता तास संपतो, आणि त्या एका तासात मुलं जे शिकतात ते पुढे वर्षभर पुरतं. उकिरड्यावर मुलं पोट धरून हसतात, तो फायदा वेगळाच.

दुसऱ्या टप्प्याला मी एकच कागद घेतो आणि त्यावर दोन-तीन तास रेंगाळतो. तुमचा ‘औद्योगिक क्रांती’चा विषय याच जागी बसतो. १८३२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या एका समितीपुढे गिरणीकामगारांच्या साक्षी झाल्या. अध्यक्ष होते खासदार मायकेल सॅडलर. त्यात लीड्सच्या एलिझाबेथ बेंटलीची साक्ष आहे. वय २३. सहाव्या वर्षापासून ती जवसाच्या धाग्याच्या सूतगिरणीत कामाला होती. साचे भरले की ते थांबवायचे, भरलेल्या बॉबिन (सुताची रिळं) काढून न्यायच्या, रिकाम्या लावायच्या आणि साचे पुन्हा सुरू करायचे, हे तिचं काम. कामाची गर्दी असली की पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत. जेवायला दुपारी ४० मिनिटं. न्याहारीला वेगळा वेळ नाही, जमेल तशी उरकायची.

इथपर्यंत मुलं हळहळतात. मग मी त्यांना पुढचा भाग मोठ्याने वाचायला लावतो, एक मुलगा समिती, एक मुलगी बेंटली. ढिली पडलीस किंवा उशीर झाला तर काय करायचे? पट्ट्याने मारायचे. मागे राहणाऱ्यांना मारायची पद्धतच होती का? हो. सतत? हो. मुलींनाही? हो. वाचून झालं की विचारायचं, आत्ता जास्त कोण बोललं? थोडा वेळ जातो, पण कोणाच्या तरी लक्षात येतं की उत्तरं एका शब्दाची आहेत आणि माहिती सगळी प्रश्नातच भरलेली आहे. तेव्हा मी सांगतो की सॅडलर स्वतः कामाचे तास दहावर आणणाऱ्या विधेयकाचे पुरस्कर्ते होते, साक्षी शपथेवर झालेल्या नव्हत्या आणि आमची बाजू ऐकलीच नाही अशी गिरणीमालकांची ओरड होती. वर्ग लगेच दुसऱ्या टोकाला जातो: ‘म्हणजे बाई खोटं बोलत होती!’

हा क्षण दवडू नका. साधन पक्षपाती आहे एवढं कळलं की मुलांना वाटतं काम संपलं. खरं काम तिथून पुढे आहे. मी दोन कागद आणखी देतो. एक अँड्र्यू यूर यांचा, १८३५ चा. ते गिरण्यांचे भोक्ते. त्यांनी लिहिलं की अनेक गिरण्या पाहिल्या, पण कुठे मुलाला मारताना दिसलं नाही. यावर मला फार बोलावं लागत नाही. शाळेत तपासणीला साहेब आले की वर्ग कसा असतो हे मुलांना पुरतं ठाऊक असतं. दुसरा कागद १८३३ च्या शाही आयोगाचा. तो मालकांच्या तक्रारीनंतर नेमला गेला, आणि त्यानेही म्हटलं की मुलं मोठ्यांइतकेच तास राबतात आणि त्याने त्यांच्या शरीराची हानी होते. म्हणजे ज्या आयोगाकडून मालकांना दिलासा हवा होता त्यानेच तासांबद्दलची साक्ष उचलून धरली. त्याच वर्षीच्या कायद्याने रेशीम वगळता कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी केली, नऊ ते तेरा वर्षांच्यांना आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली आणि तपासणीला निरीक्षक नेमले, साऱ्या देशासाठी अवघे चार.

आता लिहिणं. एका विद्यार्थिनीचा पहिला खर्डा या वाक्याने सुरू झाला होता: ‘औद्योगिक क्रांतीत लहान मुलांवर अतोनात अन्याय झाला.’ मी समासात तीन शब्द लिहिले: कोणावर, कुठे, कशावरून? दुसऱ्या खर्ड्यात बेंटली आली, लीड्स आलं, १८३२ आलं. तिसऱ्यात तिने लिहिलं: ‘सॅडलर समितीचे प्रश्न उत्तर सुचवणारे होते, त्यामुळे मारहाणीबद्दलची साक्ष मी जपून वापरते. पण कामाच्या तासांबद्दल मला शंका नाही, कारण मालकांच्या मागणीवरून आलेल्या आयोगानेही तेच म्हटलं.’ हे वाक्य कोणत्याही संकेतस्थळावरून उतरवता येत नाही. त्यात मुलीने स्वतः काहीतरी तोललं आहे. मला निबंधातून एवढंच हवं असतं, आणि ते फक्त चर्चेने होत नाही. बोलताना मुलं ‘दोन्ही बाजू खऱ्या’ म्हणून सुटतात, लिहिताना एका बाजूला जास्त वजन द्यावंच लागतं. म्हणून मी प्रत्येक निबंधात एक परिच्छेद सक्तीचा ठेवतो: तुझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारा सगळ्यात भक्कम पुरावा कोणता, आणि तरीही तू तसं का म्हणतोस?

आकड्यांबद्दल एक इशारा, कारण आकडा दिसला की मुलांना तो पुरावाच वाटतो. आयर्लंडच्या दुष्काळावर लिहिताना १८४१ च्या जनगणनेत सुमारे ८१ लाख ७५ हजार लोक आणि १८५१ मध्ये सुमारे ६५ लाख ५० हजार, हे मुलं बरोबर शोधतात. मग वजाबाकी करून लिहितात, सोळा लाख मेले. देश सोडून गेलेले लाखो लोक त्या वजाबाकीतच आहेत, आणि दुष्काळ नसता तर लोकसंख्या वाढली असती ती वाढ त्यात नाही. प्रत्येक आकड्याखाली ‘यात काय मोजलं आहे आणि काय नाही’ ही एक ओळ लिहायला लावा.

आणि प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात हे सूत्र डोळे मिटून वापरू नका. ज्यूंच्या संहारावर ‘झाला की नाही’ असा वाद वर्गात ठेवायचा नसतो. पुरावा प्रचंड आहे आणि तो प्रश्न मिटलेला आहे. पण तिथेही वाचण्यासारखं खूप आहे. २० जानेवारी १९४२ ला बर्लिनमधल्या वान्झे इथे नाझी राजवटीचे १५ वरिष्ठ अधिकारी जमले, त्या बैठकीच्या इतिवृत्तात देशवार ज्यूंच्या संख्येचा तक्ता आहे, बेरीज एक कोटी दहा लाखांच्या वर. मजकुरात मात्र ‘पूर्वेकडे रवानगी’सारखे कचेरीतले थंड शब्द. ‘हे शब्द कोणापासून काय लपवतात?’ हा प्रश्न मोठ्या वर्गातली मुलं फार गांभीर्याने घेतात. हे कागद लहान वर्गांना देऊ नका, आणि ज्या दिवशी द्याल त्या दिवशी तासाच्या शेवटी दहा मिनिटं नुसती बोलायला ठेवा.

आता उतरवण्याचा प्रश्न. प्रश्न नीट आवळला की निम्मा तो तिथेच सुटतो. उरलेल्यासाठी माझा इलाज साधा आहे: टिपणं वर्गात, हाताने. वहीच्या डाव्या पानावर साधनातला मजकूर आणि तो कुठून घेतला ते, उजव्या पानावर स्वतःचं म्हणणं. उजवं पान कोरं असेल तर खर्डा लिहायची परवानगी नाही. विकिपीडिया वाचायला माझी ना नाही, पण तिथे थांबायचं नाही, तळाशी दिलेल्या संदर्भांपर्यंत जायचं. चॅटबॉटबद्दल बंदीचे फलक लावून काही होत नाही. मी एकदा वर्गासमोर त्याच्याकडून संदर्भांसहित उत्तर मागवतो आणि मुलांना ते संदर्भ शोधायला लावतो. अस्तित्वातच नसलेली पुस्तकंही तो छातीठोकपणे सांगू शकतो, हे स्वतः शोधून पाहिलेलं मूल माझ्या उपदेशापेक्षा लवकर सावध होतं. साधनांसाठी येल विद्यापीठाचा ॲव्हलॉन प्रकल्प, फोर्डहॅम विद्यापीठाचा इतिहास-साधनांचा संग्रह, ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्ह्जचा शिक्षण विभाग आणि चित्रांसाठी युरोपियाना हे संकेतस्थळ, एवढ्यावर शाळेचं काम भागतं.

अभ्यासक्रम पुरा होत नाही ही तुमची तक्रार रास्त आहे. दोन्ही गोष्टी सारख्या खोलीने होणार नाहीत, हे मान्य करूनच वर्ष आखा. मी बराचसा भाग भराभर, कालरेषा आणि नकाशे घेऊन व्याख्यानानेच शिकवतो आणि वर्षात तीन ठिकाणी थांबतो. थांबे निवडताना विषय महत्त्वाचा किती यापेक्षा मुलांना वाचता येतील असे कागद मिळतात का, हे मी आधी बघतो. व्हिएन्ना काँग्रेस, म्हणजे नेपोलियननंतर युरोपची घडी बसवणारी परिषद, महत्त्वाची आहे, पण तिचे करारनामे या वयाला रुक्ष वाटतात. ती मी एका तासात संपवतो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

तपासणीबद्दल. ३५ निबंधांची प्रत्येक ओळ लाल करणं थांबवा. ते मुलंही वाचत नाहीत. पहिल्या खर्ड्याचा मी फक्त पहिला परिच्छेद आणि विरुद्ध पुराव्याचा परिच्छेद वाचतो, समासात ‘कोणावर, कुठे, कशावरून’ पैकी जे लागू असेल ते लिहितो आणि परत देतो. लांबी ८०० शब्द, त्याहून जास्त नाही. जास्त शब्द मागितले की मुलं पाणी घालतात. अंतिम निबंधात प्रत्येकाच्या दोन तळटीपा मला वाटेल त्या उचलून मूळ साधनाशी ताडून बघतो. कोणत्या दोन हे आधी माहीत नसल्यामुळे सगळ्याच तळटीपा नीट येतात. आणि प्रत्येकाला तीन मिनिटं समोर बसवून विचारतो, ‘तुझं मत कोणत्या कागदामुळे बदललं?’ दुसऱ्याने लिहून दिलेला निबंध या एका प्रश्नात उघडा पडतो, त्यासाठी वेगळी चौकशी लागत नाही. गुणांपैकी निम्मे मी पहिल्या आणि शेवटच्या खर्ड्यातल्या फरकाला देतो, त्यामुळे भाषेत कच्चं असलेलं मूलही मागे पडत नाही. पालकांना हे सुरुवातीलाच लेखी कळवा, नाहीतर सुबक अक्षरातला निर्दोष निबंध आणि पन्नासच टक्के गुण पाहून ते तुमच्याकडे येतीलच.